बेबी टिकलीचं तेरावं

बेबी टिकली वारली, हे तुमच्या कानावर आलं असेल. खरं आहे. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर मी स्वतः तिचं तेरावं घातलं आणि आल्यागेल्याला पेला भरून धारोष्ण दूध पाजलं. आजीनंच पोरीला मारलं असंही लोक म्हणतात. तेही खरं आहे. फक्त मेली ती बेबी टिकली. माझी नात शालू, म्हणजे शाल्मली धैर्यशील इंगवले, आत्ता माझ्यासमोर बसून भाजक्या शेंगा खाते आहे आणि टरफलं माझ्या अंगणात टाकते आहे. हे लिहून झालं की तिच्या हातात झाडू देणार आहे.

मी मंगल इंगवले. शाळा चौथीत सुटली, म्हशी काही सुटल्या नाहीत. माझं अक्षर वाकडं आहे, बोलणं सरळ आहे. सिनेमाच्या मासिकवाल्यांनी टिकलीबद्दल बरंच खोटं छापलं, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

आमच्या म्हशी सकाळ-संध्याकाळ कट्ट्यावर उभ्या असतात. गिऱ्हाईक पेला पुढं करतं, आम्ही त्याच्या डोळ्यांदेखत धार काढतो. मधल्या काळात टाकीत वाढवलेलं, म्हैस न लागणारं दूध आलं. चवीला अगदी तसंच, म्हणे. तरी आमच्याकडची गर्दी हटली नाही, कारण आमची म्हैस समोर उभी असते आणि शेपटीनं माश्या हाकत असते. शेपटी टाकीला कुठून आणणार?

शालू सात वर्षांची असताना कट्ट्यावर शूटिंग आलं. सिनेमातल्या टिकलीनं म्हशीखाली बसून धार थेट तोंडात घ्यायची होती. मुंबईहून आणलेल्या पोरीनं पहिल्याच धारेला ओकारी काढली, दुसऱ्या धारेला भोकाड पसरलं. शालू माझ्या पदराला धरून उभी होती. आमची हरणी म्हैस अशी परक्या पोरीला घाबरलेली तिला बघवेना. ती सरळ जाऊन खाली बसली, तोंड उघडलं आणि म्हणाली, "आज्जी, सोड."

मी धार सोडली. नाकातोंडावर दूध आलं, पण पोरगी हलली नाही. दिग्दर्शकानं कॅमेऱ्यामागून विचारलं, "कसं लागतंय गं?"

"म्हशीला विचार की. तिनं दिलंय."

झालं. दुसऱ्या दिवसापासून शालूची बेबी टिकली झाली.

आता इथं जरा शास्त्र सांगते. चार ठिकाणी विचारून खात्री केली आहे. मधे अशी काही वर्षं गेली की सगळे नट-नट्या संगणकच बनवायचा. नट मेला तरी सिनेमा यायचा, नट जन्मलाच नाही तरी यायचा. लोकांना आधी गंमत वाटली, मग वीट आला. तेव्हा नाडीचा शिक्का निघाला. माणसाचं हृदय दर ठोक्याला रक्त ढकलतं, आणि त्या ठोक्याला गालाचा रंग किंचित चढतो, किंचित उतरतो. आपल्या डोळ्याला दिसत नाही, यंत्राला दिसतो. शूटिंग चालू असताना यंत्र ही नाडी पकडतं आणि त्याची साक्ष त्या चित्रातच बांधून ठेवतं, मागून चिकटवता येत नाही. मग थेटरात पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका दिसतो. समोरचा नट जिवंत असेल तर त्याच्या काळजाबरोबर तो धडधडतो. ठिपका नसेल तर आता तिकीट कुणी काढत नाही. कट्ट्यावरच्या म्हशीचीच ही गोष्ट. माणसाला शेपटी हललेली बघायची असते.

टिकलीचा ठिपका लोकांना फार आवडला. पोरगी खोडी काढायला निघाली की ठिपका आधीच पळायला लागायचा. एक सिनेमा झाला, दुसरा झाला, तिसरा ठरला. पण सिनेमातल्या गावात अजून तेच एक वर्ष चाललं होतं. टिकली तेवढीच, तिचा फ्रॉक तोच, लाल, हिरव्या झालरीचा. आमच्या घरात मात्र तीन वर्षं सरली होती, आणि ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ध्यानात आणून दिलं एका पिवळ्या झग्यानं.

दसऱ्याच्या आधी माझी सून ऋतुजा कपाट आवरत होती. धाकटी नात कार्तिकी शालूपेक्षा दोन वर्षांनी लहान. तिचा पिवळा झगा तिला आखूड झाला होता. ऋतुजानं तो काढला, झटकला आणि शालूच्या अंगाला लावून बघितला.

"बसतोय बघ ताईला," कार्तिकी टाळ्या वाजवत म्हणाली. "ताई, माझा जुना घाल! माझा जुना!"

शालू हसली नाही. ऋतुजानं माझ्याकडं बघितलं आणि लगेच मान फिरवली. आमच्या घरात कपडे वरून खाली येतात, उतारावरनं पाणी यावं तसे. त्या दिवशी पाणी चढाला लागलेलं मी बघितलं.

ताटावर मुलाला धरलं. "धैर्या, पोरीला काय टोचून आणतोस रे तू?"

"व्हिटॅमिन आहे, आई."

"व्हिटॅमिननं पोर आखडते होय?"

त्यानं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "तुला कळायचं नाही ते."

"मला कळायचं नाही म्हणून तू लपवलं नाहीस. मला कळेल म्हणून लपवलंस. बोल."

मग तो बोलला. औषधाचं खरं नाव हातभर लांब आहे. सिनेमावाले त्याला 'थांबा' म्हणतात. दर तीन महिन्यांनी एक सुई. दोन वर्षं चालू होती. आणखी दोन सिनेमे, म्हणजे आणखी दोन वर्षं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसले. चौगुले त्यांचं आडनाव, वयानं तरुण, पण डोळ्याला डोळा देऊन बोलणारी बाई. त्यांनी मला फळ्यावर चित्र काढून दाखवलं. लेकराच्या लांब हाडाच्या दोन्ही टोकांना कुर्चेचा एक कोवळा थर असतो. हाड वाढतं ते तिथून. उसाच्या पेऱ्यासारखं समजा. त्या थरातल्या पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात, जुन्या टणक होऊन हाडात जमा होतात, आणि पोर बोटभर वर सरकतं. थांबा त्या पेशींना फक्त निरोप देतो की सध्या गप्प बसा. मारत नाही, झोपवतो. दुधाच्या दाताचं मूळ खालून विरघळायला लागलं की दात हलतो. थांब्यात तेही विरघळायचं थांबतं. म्हणजे शालूचा वरचा एक दात दोन वर्षं नुसता हलतच होता, पडत नव्हता.

"हे आजारी मुलांसाठी शोधलं, आक्का," त्या म्हणाल्या. "ज्यांचे उपचार संपेपर्यंत हाडांनी वाट बघायला हवी, अशांसाठी. त्यांच्यासाठी हे देवासारखं आहे."

"आणि माझ्या नातीला कुठला आजार?"

त्यांनी फळा पुसायला घेतला. "कायदा चालवून घेतो. दर वेळी आईबापांनी हो म्हणायचं आणि मुलानं स्वतःच्या तोंडानं हो म्हणायचं. मी नाही म्हटलं, तर ते मुंबईत जातात. इथं निदान मी मोजून देते."

"आता थांबवलं तर बुडालेलं भरून येतं?"

"दोन वर्षांचं बरंचसं येतं. सगळं नाही, दोन-तीन बोटं कमीच राहील. चार वर्षांचं मी सांगू शकत नाही."

"का?"

"कारण कुणी केलेलंच नाही. शाल्मली पहिली असेल."

आमच्या घराण्यात पहिलं येण्याची हौस आहे, पण असल्या शर्यतीत नाही.

माझं बोलणं मुंबईला पोचायला वेळ लागला नाही. आठवड्यात सिनेमाच्या निर्मातीणबाई कट्ट्यावर हजर. निहारिका दळवी. पांढरी साडी नेसून म्हशींत आल्या, त्या धाडसाचं मी कौतुक केलं. दूध पुढं केलं तर म्हणाल्या, पचत नाही.

"आक्का, टिकली आता तुमची एकटीची राहिली नाही. ती महाराष्ट्राची लेक आहे."

"असू दे की. मग महाराष्ट्रानं दरवर्षी तिच्या फ्रॉकची शिवण सोडवून वाढवून द्यावी. लेकीचं तेवढं करतात."

"तिला त्रास काहीच नाही. दुखत नाही, खुपत नाही. फक्त थोडं थांबायचं."

मी हातातली चरवी खाली ठेवली. "बाई, एक सांगते. म्हशीचं रेडकू मेलं की ती पान्हा चोरते. मग काही लोक काय करतात, त्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरतात आणि तिच्यापुढं उभं करतात. ती चाटते, वास घेते आणि दूध सोडते. माझ्या सासऱ्यांनी ते कधी केलं नाही, मीही केलं नाही. पण त्या लोकांचं रेडकू निदान मेलेलं तरी असतं. तुम्ही जित्या रेडकात पेंढा भरायला निघालाय."

कट्ट्यावरची गिऱ्हाइकं पेले हातात धरून ऐकत होती. निहारिकाबाईंचा चेहरा उतरला, पण बाई कच्ची नव्हती. "आणि तुम्ही शाल्मलीला विचारलंत?" त्या हळूच म्हणाल्या. "तिलाच हवंय."

माझ्या तोंडाला कुलूप बसावं असं आयुष्यात फार कमी लोकांनी बोललं आहे. तो मान त्यांना देते.

शालू गोठ्यात हरणीच्या पाठीला डोकं टेकून उभी होती. मी विचारलं, "खरं काय?"

"हो."

"कार्तीचे जुने झगे घालशील?"

"घालीन." तिनं पायानं गवत ढकललं. "आज्जी, मी मोठी झाले की टिकली मरणार."

"मरू दे."

"तुला काय जातंय! तुला बघायला माणसं येत नाहीत."

"म्हशी बघतात. तेवढं पुरतं मला."

ती रडायला लागली. सिनेमातलं रडणं मी ओळखते, त्यात ती नाक पुसत नाही. हे नाक पुसत रडणं होतं. "टिकली गेल्यावर मी कोण? शाळेतसुद्धा सगळी मला टिकलीच म्हणतात. आत दुसरं कुणीच नसलं तर?"

सुई बंद करायची तर घरची थोरली म्हणून माझा एक शब्द पुरला असता. धैर्या अजून माझ्यापुढं आवाज चढवत नाही. पण मी बंद केलं असतं तर जन्मभर ती म्हणाली असती, टिकली आज्जीनं नेली. म्हणून मी हुकूम सोडला नाही. काम दिलं.

"हरणी गाभण आहे," मी म्हटलं. "दोन महिन्यांनी विणार. यंदा तिला तू आटवायचीस."

ज्यांनी म्हैस फक्त चित्रात बघितली त्यांच्यासाठी सांगते. गाभण म्हैस पिळत राहिलं तर ती देत राहते. पण विण्याच्या दोनेक महिने आधी तिचं दूध बंद करावं लागतं. एक वेळ चुकवायची, मग दोन, खुराक कमी करायचा, कासेला हात लावायचा नाही. त्याला आटवणं म्हणतात. हे केलं नाही तर पोटातलं रेडकू मरतुकडं होतं आणि पुढच्या वेताला म्हैस दूध देत नाही.

पहिले चार दिवस हरणीनं गल्ली डोक्यावर घेतली. कास तटतटलेली, तोंड सारखं शालूकडं. शालू पालथी बादली टाकून तिच्यासमोर बसायची.

"आज्जी, दुखतंय तिला. एक धार काढते."

"काढ. मग उद्या जास्त दुखेल, परवा त्याहून जास्त. आणि आतलं रेडकू काय खाईल, तुझी माया?"

"ते पेठेतले काका विचारत होते, हरणीचंच दूध पाहिजे म्हणून."

"विचारणारच. गिऱ्हाइकाला म्हशीची कास दिसते, पोट दिसत नाही. पोट आपण बघायचं."

पुढं हळूहळू कास उतरली. हरणी शांत झाली, रवंथ करत बसायला लागली. एका सकाळी तिच्या कुशीवर हात ठेवून शालू ओरडली, "लाथ मारली! आज्जी, आतनं लाथ मारली!" मग तिनं हात तिथून काढलाच नाही.

"हिला आता आठवत नसेल का गं, की आपण दूध देत होतो म्हणून?"

"आठवतंय की. म्हणून तर पुन्हा देईल."

सुईचा दिवस आला. दवाखान्यात आम्ही सगळे होतो. मी, धैर्या, ऋतुजा आणि निहारिकाबाई. मी घरातून निघतानाच ठरवलं होतं, की तोंड उघडायचं नाही. मी इतका वेळ गप्प बसलेली धैर्यानं कधी बघितली नव्हती. तो घाबरून सारखा माझ्याकडं बघत होता.

डॉक्टरीणबाईंनी सुई भरली नाही. आधी खुर्ची ओढून शालूसमोर बसल्या. "शाल्मली, मला तुझ्या तोंडून हवं. द्यायचं का?"

शालूनं बापाकडं बघितलं. निहारिकाबाईंकडं बघितलं, त्या गोड हसल्या. माझ्याकडं तिनं बघितलंच नाही, आणि मला तिथंच निम्मं कळलं.

"नको," ती म्हणाली. "मला आटवा."

"म्हणजे?"

"म्हणजे आता थोडे दिवस माझी कुणी धार काढायची नाही." तिनं नाक पुसलं. "ओरडले तरी काढायची नाही."

डॉक्टरीणबाईंना अर्थ लागला नाही, पण नकार लागला. त्यांनी ट्रे उचलून आत नेला. धैर्या भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. ऋतुजा, जी मला आत्ती म्हणते आणि माझ्यासमोर कधी मोठ्यानं बोलत नाही, ती नवऱ्याला म्हणाली, "पोरीला जवळ घ्या की आता. का तेपण आत्तींनीच सांगायचं?" त्यानं घेतली. सुनेचा तो आवाज मला आवडला. पुढं घर चालवील.

निहारिकाबाई दारात थांबल्या. "आक्का, तिसरा सिनेमा अर्धा झालाय. तो तरी?"

"अर्ध्यात दावं तोडणारी माणसं नाही आम्ही. पुरा करेल. पण लवकर करा, माझी नात आता थांबणार नाही."

पुरा केला. घाईघाईनं केला, कारण महिन्या-दोन महिन्यांत शालूचा तो दात खरंच पडला. दात शेणाच्या गोळीत घालून कौलावर टाकतात, नवा दात मजबूत येतो म्हणून. आमच्या घरावर आता कौलं कुठली, उन्हाच्या विजेच्या काचा आहेत. शालूनं गोळी भिरकावली ती काचेवर थापकन बसली. धैर्या शिडी लावून पुसायला निघाला, मी शिडीच काढून घेतली. एक दिवस वीज कमी आली तर काही बिघडत नाही.

टिकली पुढं चालणार नाही म्हटल्यावर त्या लोकांनी गोष्टीत तिला तापानं मारली. सिनेमा लागला तेव्हा मी थेटरात गेले. पडद्यावर टिकली घोंगडीवर निजलेली, डोळे मिटलेले, श्वास रोखलेला. आजूबाजूला बायाबापड्या हुंदके देत होत्या. मी तिच्या तोंडाकडं बघितलंच नाही. मी कोपऱ्यात बघत होते. तिथं लाल ठिपका धडधडत होता. टिकली मरून पडली होती आणि माझ्या नातीचं काळीज टपटप उड्या मारत होतं. तसला आनंदाचा सिनेमा मी दुसरा पाहिला नाही. शेजारची बाई म्हणाली, "आज्जी, तुम्ही हसताय?" मी म्हटलं, "होय. तुम्ही तिकीट काढून चुकीच्या जागी बघताय."

मग अफवा उठली. पोरगी सिनेमात दिसेना, सभेला येईना, म्हणजे खरंच गेली. ऋतुजाला ते अभद्र वाटलं, ती देवापुढं दिवा लावून बसली. मी म्हटलं, "अगं, जित्या माणसाच्या मरणाची बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं. उठू दे. आपणच हात लावू."

म्हणून तेरावं. हरणी तोवर विली होती, चांगली धट्टीकट्टी रेडी झाली होती. नव्या वेताचं तिचं दूध मागच्यापेक्षा जास्त होतं. कट्ट्यावर टिकलीचा फोटो ठेवला, हार घातला, आणि सकाळपासून हरणीच्या धारा काढून लोकांना पाजल्या. लोक फोटोला हात जोडत, पेला संपवत आणि मिशा पुसत. दूध वाटत शालूच फिरत होती, तोच लाल फ्रॉक घालून. हट्टच होता तिचा, टिकलीला तिच्याच कपड्यात निरोप द्यायचा. एका म्हाताऱ्यानं तिला निरखून विचारलं, "त्या टिकलीची बहीण काय गं तू? थोडा तोंडावळा आहे."

"हो," शालू म्हणाली. "मोठी."

मग एक उंच पैलवान गडी आला, त्याला पेला द्यायला तिनं हात वर केला आणि काखेत टर्रकन आवाज झाला. शिवण बगलेपासून कमरेपर्यंत उसवली. दोन वर्षं ज्या पोरीला एक टाकाही घट्ट झाला नव्हता, तिनं भर कट्ट्यावर फ्रॉक फाडला. शालू लाजून काख दाबून उभी. ऋतुजा सुईदोऱ्यासाठी धावली.

"राहू दे गं," मी म्हटलं. "शिवू नको. टिकली आत्ता गेली."

त्याला आता चार वर्षं होतील. शालू कार्तिकीपेक्षा दोन बोटं कमीच आहे, ती भरून आली नाहीत. परवा शाळेच्या नाटकात तिनं एका म्हातारीचं काम केलं. चालणं माझं, बोलणं माझं, शिव्यासुद्धा माझ्याच. हरणीसारखं तिचंही नवं वेत जवळ आलंय असं मला दिसतंय, पण मी तिला सांगणार नाही. डोक्यावर बसेल.

गेल्या महिन्यात मुंबईहून एक सभ्य माणूस आला होता. सिनेमाचं मोठं प्रदर्शन भरवतायत, त्यात काचेच्या पेटीत ठेवायला टिकलीचा तो लाल फ्रॉक पाहिजे म्हणाला. मी त्याला दूध दिलं आणि हरणीकडं बोट केलं. तिची कास पुसायला मऊ, जुनं कापड लागतं. लाल रंग आता विटलाय, पण हिरवी झालर अजून ओळखू येते.